नेमायाच्या घरचा सिलिंडर

आमच्या बेटावरच्या हाकूपू गावात गॅस संपत आलाय अशी शंका आली की लोक सिलिंडर हलवून बघतात. कुणी उचलून बघतो, कुणी नखाने टिचकी मारून कान लावतो, मग छातीठोकपणे अंदाज सांगतो आणि तो चुकतो. शेगडीकडे बघून तर काहीच कळत नाही. सिलिंडरात वाटीभर गॅस उरला तरी जाळ तसाच निळा, तसाच उंच. मग मासा अर्धा कच्चा असताना एकदम फुस्स. असं एकदोनदा झालं की माणूस शहाणा होतो आणि तियालेला हाक मारतो.

ती येते ती किटलीभर कोमट पाणी मागत. सिलिंडरच्या एका अंगाने ते वरून खाली ओतते, जरा थांबते आणि मग तळवा टेकवून सावकाश खाली आणते. वरचा पत्रा उबदार झालेला असतो. जिथून आत पाण्यासारखा पातळ गॅस असतो तिथून खाली तो ती ऊब पिऊन टाकतो, पत्रा गारच्या गार राहतो. गार लागायला सुरुवात झाली की ती तिथं बोट ठेवते. "इथवर आहे. रविवारचं जेवण निघेल. सोमवारच्या चहाला माझ्याकडे या," म्हणते आणि किटली परत देते.

तियाले माझ्या आईची चुलत बहीण. आमच्यात आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात, म्हणून मी तिला तियालेआई म्हणत आले. तिचं घर माझ्या घरासमोर, रस्त्यापलीकडे. बाई उंच, हाडापेराने मजबूत, केस अजून काळे. दुकानाचा गॅसचा ट्रक चालवते, साऱ्या बेटाला फेरी घालून भरलेले सिलिंडर देते, रिकामे आणते. लग्न केलं नाही. का केलं नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तिच्या तोंडावर ते कुणी बोलत नाही. लेपेकाम्हातारी सोडून. लेपेकाच्या जिभेला हाड नाही.

हे काम तिला शिकवलं नेमायाने.

तेव्हा गॅस आमच्याकडे नवा होता. बायकांना त्याची भीती वाटायची. माझी आजी तर सिलिंडर घरात आला की स्वतः बाहेर जाऊन बसायची. नेमाया दुकानाचा ट्रक चालवायचा. विशीतला पोरगा, हसरा, गाणाऱ्यांच्या घरातला. सिलिंडर पोचवायचा, नळी जोडायची आणि घरच्या बाईला पटवून द्यायचं की हा राक्षस नाही, हेच त्याचं काम. तियालेच्या आईकडे तो सिलिंडर घेऊन गेला तेव्हा म्हातारीने विचारलं, आत किती आहे हे कसं कळायचं, आत तर दिसत नाही. त्याने किटली मागितली. पाणी ओतलं आणि तियालेला म्हणाला, हात ठेव, खाली आण, गार लागलं की सांग. तिने सांगितलं. त्याने स्वतः हात फिरवून बघितला आणि म्हणाला, मला तर अजून दोन बोटं खाली लागतंय. तियाले म्हणाली, तुझा हात जाड आहे. त्याने तो सिलिंडर परत ट्रकवर टाकून दुकानाच्या काट्यावर नेला. सिलिंडरच्या गळ्यावर त्याचं रिकामं वजन कोरलेलं असतं. तेवढं वजा केलं तर तियाले खरी निघाली. हे सांगायला तो त्याच संध्याकाळी परत आला. काही काम नसताना.

मग त्याचं येणं वाढलं. आज ह्या घरचा किती उरला असेल, उद्या त्या घरचा, अशा त्यांच्या पैजा चालायच्या. हरला की त्याने समुद्राच्या वाटेने उतरून मासा आणायचा, ती हरली की तिने ताकीही करायची, अळूकंद आणि पपईचे थर नारळाच्या दुधात भाजून. माझी आई म्हणायची की त्या वर्षी तियालेच्या घरी मासे फार झाले.

त्यांचं लग्न ठरल्यासारखंच होतं. नेमायाने त्याच्या घराच्या मागच्या बाजूला नवं स्वयंपाकघर बांधायला घेतलं. भिंती झाल्या, छप्पर झालं, खिडकी तियालेने सांगितली तिथं पाडली, म्हणजे भांडी घासताना रस्ता दिसेल. तेवढ्यात त्याची आई आजारी पडली. इथं इलाज नव्हता, तिला ऑकलंडला न्यायचं ठरलं. बरोबर कुणीतरी हवं होतं आणि नेमाया एकुलता एक. जायच्या आदल्या दिवशी त्याने नव्या स्वयंपाकघराच्या मागे पत्र्याच्या आडोशाला एक भरलेला नऊ किलोचा सिलिंडर आणून ठेवला, नळी जोडली आणि किल्ली तियालेला दिली. आई बरी झाली की येतो म्हणाला. आईला बरं वाटेल तोवर तू घर बघ.

आई बरी झाली नाही आणि गेलीही नाही. औषधांवर पुष्कळ वर्षं जगली. नेमाया एका कारखान्यात लागला, मग तिकडेही ट्रक चालवायला लागला. सुरुवातीला दर महिन्याला पोस्टात फोन यायचा. तियाले बेटाच्या मुख्य गावी, अलोफीला, जाऊन पोस्टाच्या बाकावर वाट बघत बसायची. मग दर सणाला यायला लागला. मग फक्त नाताळात.

इथे दुकानाने नवा माणूस ठेवला होता. त्याला सिलिंडर उचलता यायचे, पण किती उरलाय हे सांगता यायचं नाही. लोक भरलेले समजून अर्धे घेऊन जायचे आणि भांडायला यायचे. शेवटी बायकांनीच दुकानदाराला सांगितलं, ट्रक तियालेला दे. ती पहिल्यांदा ट्रक घेऊन गावात शिरली तेव्हा लेपेका ओसरीवरून ओरडली होती, "नवरा मिळाला नाही, पण नवऱ्याचा ट्रक मिळाला."

नेमायाच्या लग्नाची बातमी तिला दुसऱ्या कुणाकडून कळली नाही, त्यानेच सांगितली. मुलगी टोंगा बेटांवरची होती, त्याच्याच चर्चमधली, त्याच्या आईची सेवा करायची. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं आणि मग काय बोलावं कळेना म्हणून विचारलं, घर ठीक आहे ना? तियाले म्हणाली, ठीक आहे, सिलिंडर भरलेला आहे. माझी आई तेव्हा तिच्याबरोबर पोस्टात होती. ती सांगायची, फोन ठेवून तियाले बाहेर आली, ट्रकमध्ये बसली आणि लिकू गावाची फेरी त्या दिवशी नव्हती तरी तिकडे गेली. लिकूला कुणाला काहीच नको होतं. तिथल्या चर्चच्या आवारात ट्रक उभा करून बसून राहिली आणि अंधार पडायच्या आत परत आली.

मागण्या आल्या तिला. आमच्या गावप्रमुखाचा, सिपेलीचा, विधुर भाऊ दोन वर्षं मागे होता. ती त्याला उलट बोलली नाही, हसायची आणि त्याच्या सिलिंडरात किती उरलाय ते सांगून निघून यायची. शेवटी तोही ऑकलंडला गेला.

गेलेल्यांची घरं आमच्याकडे गावागावात बंद पडून आहेत. दारापुढे आजी-आजोबांची थडगी, मागे गंजलेली मोटारसायकल, खिडकीत वेल शिरलेला. हाकूपूतल्या अशा बऱ्याच घरांच्या किल्ल्या तियालेकडे आल्या. नाताळ जवळ आला की ऑकलंडहून फोन सुरू होतात, तियाले, आमच्या सिलिंडरात किती आहे, आम्ही येतोय. ती जाते, किटली ओतते, सांगते. यायच्या आधी घर उघडून वारा खेळवते, कमी असला तर सिलिंडर बदलून ठेवते. निम्मे लोक येतात. उरलेल्यांची सुट्टी मंजूर होत नाही, नाहीतर तिकीट महाग होतं.

नेमाया येतो असं कधी म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. त्याच्या घरचा सिलिंडर मात्र ती भरलेला ठेवायची. समुद्राच्या वाऱ्याने पत्रा गंजायला लागला की बदलायची, गळ्यावर कोरलेली तपासणीची तारीख उलटली की बदलायची. दुकानातून आणून आडोशाला ठेवला की मग त्याच्याकडे बघायची नाही. भरलेलाच आहे, त्यात काय बघायचं.

मग ते वाईट वर्ष आलं.

गॅस आणणारं जहाज अलोफीसमोर येऊन उभं राहिलं, पण लाटा धक्क्यावरून पलीकडे जात होत्या. सामान उतरवायची होडी पाण्यात सोडताच येईना. आम्ही सगळे वर कड्यावर उभे राहून बघत होतो. कप्तानाने वाट पाहिली आणि मग जहाज वळवून निघून गेला. पुढचं जहाज लवकर येणार होतं, त्याचं यंत्र बंदरातच बिघडलं. त्यात पाऊस सुरू झाला आणि थांबेचना. सरपण भिजलं, नारळाच्या करवंट्यासुद्धा धुमसायला लागल्या, आणि ओल्या दगडांवर जमिनीतली भट्टी कशी लावणार?

रविवारी प्रार्थनेनंतर गावाच्या सभागृहात सगळे बसले. सिपेली उभा राहून म्हणाला, एवढं घाबरायला काय झालं, आपल्या पूर्वजांकडे कुठे गॅस होता.

लेपेका मागून म्हणाली, "पूर्वजांचे गुडघे शाबूत होते, सिपेली. माझे बघ, मग बोल."

सभागृह हसलं, पण खरं तेच होतं. तरुण घरांचं कसंही निभावलं असतं. प्रश्न होता एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा, ज्यांची मुलं समुद्रापलीकडे होती आणि ज्यांना लाकूड फोडणं सोडा, वाकून उचलणंही होत नव्हतं. तेव्हा तियालेने सांगितलं की उद्या ती घरोघर फिरून बघेल कुणाकडे किती आहे. मग सगळे सिलिंडर सभागृहाच्या स्वयंपाकघरात आणायचे आणि म्हाताऱ्यांचं जेवण एकत्र शिजवायचं.

मी तिच्याबरोबर फिरले. भर पावसात डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन ती एकेका घरी जायची, घरातल्या उरल्यासुरल्या जाळावर किटली गरम करून घ्यायची आणि हात टेकवायची. काहींनी आपल्या सिलिंडरात काहीच नाही म्हणून सांगितलं. तिने हात लावला आणि म्हणाली, बराच आहे की, देव दयाळू आहे. ते लोक ओशाळून हसले आणि सिलिंडर बाहेर काढून दिला. बंद घरांच्या मालकांना आम्ही फोन लावले. सगळे लगेच हो म्हणाले. एकाने तर शेगडीही घ्या म्हटलं.

नेमायाच्या घरावरून आम्ही जाता-येता गेलो. ती थांबली नाही. सभागृहात रोज चूल चालायची, बायका आळीपाळीने रांधायच्या, आणि सिलिंडर एकेक करून संपत होते. सगळ्यांच्या मनात तो एक सिलिंडर होता. सिपेलीने एकदा तोंड उघडलं तेव्हा त्याच्या बायकोने त्याच्या पायावर पाय दिला. लेपेकाने मात्र कमाल केली. तिने कधी नव्हे ते काही बोलायचं टाळलं आणि एका संध्याकाळी थंड उकडलेला कंद खाताना नुसतं म्हणाली की चहा नसला की दात नसल्याचं जास्त जाणवतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तियाले माझ्याकडे आली. तिचा फोन पावसात भिजून बंद पडला होता. म्हणाली, ऑकलंडला लावून दे, आणि आवाज मोठा कर, मला बारीक ऐकू येत नाही. मी लावून दिला आणि उठायला लागले तर तिने मनगट धरून मला खाली बसवलं.

"नेमाया, मी तियाले."

"डिसेंबर आला की काय?" तिकडून तो हसला. आवाज म्हातारा झाला होता.

तिने जहाजाचं सांगितलं, पावसाचं, सभागृहाचं. मग म्हणाली, "तुझ्या घरचा सिलिंडर काढू का, हे विचारायला फोन केला."

"तिथं अजून सिलिंडर आहे?"

"भरलेला आहे."

"मी ठेवलेला?"

"तो कधीच गंजला. त्यानंतर बदलत आले."

"कुणासाठी गं?"

"घरासाठी," तियाले म्हणाली.

मागे कुठेतरी टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"काढ," तो म्हणाला. "तियाले, मी येईन म्हणून ठेवत असशील तर, मी येत नाही आता. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

"आधी म्हणजे कधी?"

"लग्न केलं तेव्हा. नाही, त्याच्याही आधी. आईला इथलं घर मिळालं तेव्हाच मला कळलं होतं."

तियालेने फोनकडे बघितलं, जणू त्यात तो दिसणार होता. मग रोजच्या आवाजात म्हणाली, "बरं. नळीपण जुनी झाली आहे. ती काढून टाकते."

फोन ठेवल्यावर तिने मला ढकलगाडी आणायला सांगितली. नेमायाच्या घरामागे पाणी साचलं होतं. तिने नळी सोडवली, सिलिंडर उचलायला हात घातला आणि तशीच थांबली. इतक्या वर्षांचे हात ते, वजनातच कळलं असणार. तिने तो हळूच हलवला. मग मला म्हणाली, घरून किटली घेऊन ये.

आमच्याकडे सरपणावर थोडं पाणी गरम होतं, ते मी नेलं. तिने ओतलं. तळवा वरून खाली आणला, खूप खाली, जवळजवळ बुडापर्यंत.

"दोन जेवणं," ती म्हणाली. "फार तर तीन."

झडपेतून थोडा थोडा सुटत राहिला असणार. खाऱ्या हवेत होतं तसं, उघड्यावर वास येत नाही, कळत नाही. मी काही बोलायच्या आत ती हसायला लागली. आधी मला वाटलं रडतेय, पण हसतच होती, गुडघ्यावर हात ठेवून, पावसात.

"अख्ख्या बेटाचे तपासले गं मी," ती म्हणाली. "ह्याला तेवढा कधी हात लावला नाही."

मग ढकलगाडी उचलताना तिने मला बजावलं की हे नेमायाला कळता कामा नये. "मी त्याला भरलेला आहे म्हणून सांगितलंय."

त्या गॅसवर म्हाताऱ्यांना चहा आणि भात मिळाला, आणि लेपेका पहिला घोट घेऊन डोळे मिटून बसली. तो संपल्यावर पाऊस उघडला, सरपण उन्हात टाकता आलं. पुढे जहाजही आलं. धक्क्यावर सगळं बेट जमलं होतं आणि तियाले ट्रकच्या टपावर उभी राहून सिलिंडर मोजून घेत होती. गावात परतल्यावर तिने ज्याचे त्याचे सिलिंडर जागच्या जागी नेऊन दिले, बंद घरांतसुद्धा. नेमायाच्या आडोशाची जागा रिकामी ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, तिथला पत्रा गळतोय.

तेवढ्यावर ही गोष्ट संपली असती, तर ती आमच्या गावातल्या कितीतरी गोष्टींसारखी झाली असती. पण पुढच्या वर्षी नेमाया आला.

त्याची बायको वारली होती. मुलगी शेरील, तिकडेच जन्मलेली, आमची भाषा मोडकीतोडकी बोलणारी, तिने हट्ट धरला की तिच्या मुलाचे केस कापायचा सोहळा आजोबांच्या गावातच करायचा. मुलगा बारा-तेरा वर्षांचा, केस कमरेपर्यंत, वेण्या घातलेल्या. नातेवाइकांनी एकेक वेणी कापायची, मग डुक्कर आणि कंदांची जेवणं. म्हणून सगळे आले. नेमाया विमानातून काठी टेकत उतरला. हसरा चेहरा तेवढा ओळखीचा होता, बाकी माणूस अर्धा झाला होता.

तियाले विमानतळावर गेली नव्हती. घराची किल्ली तिने माझ्या हाती पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी टेकत तिच्या ओसरीवर आला. मी तिथंच बसून टोपी विणायला केवड्याच्या पानांच्या पट्ट्या सोलत होते. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, घरात चहा करायला गॅस नाही.

"दुकानात मिळतो," तियाले म्हणाली.

"लोक म्हणतात, पाहुणे यायच्या आधी तू सगळ्यांकडे सिलिंडर लावून ठेवतेस."

"येतो म्हणून जे कळवतात त्यांच्याकडे."

तो हसला, आणि तीही हसली, आणि मला वाटलं आता आपण उठावं. पण तिने मलाच चहा ठेवायला सांगितला. ती त्याच्यापासून जरा लांब, भिंतीला टेकून बसली. बराच वेळ दोघं माणसांबद्दलच बोलत राहिली, कोण गेलं, कोण कुठे आहे, कुणाच्या पोराने काय केलं. आपल्याबद्दल एक शब्द नाही.

तिने सिलिंडर नेऊन दिला. त्यानंतर तो तिच्या फेऱ्यांवर जायला लागला. गुडघ्यांमुळे त्याला ट्रक चालवता येत नव्हता. ती चालवायची, तो शेजारी बसायचा. अलोफी, लिकू, लाकेपा, सगळी गावं. त्या दिवसांत तियालेने चर्चची टोपी रोज घातली. लोक रस्त्यावरून काय काय ओरडायचे. सिपेलीने तर ट्रक थांबवून नेमायाला विचारलं, काय रे, दुकानाने नवा मदतनीस ठेवला वाटतं, पगार ठरवून घेतलास ना? लेपेका म्हणाली, "चाळीस वर्षांनी आणलंस तेही मोडकं." नेमायाने तिला वाकून नमस्कार केला.

केस कापायच्या दिवशी शेरीलने तियालेलाही कात्री दिली. ती नातेवाईक नव्हती, म्हणून मागे सरली. शेरील तिच्या मोडक्या भाषेत म्हणाली की तिची आई मरायच्या आधी सांगून गेली होती, तिकडे एक बाई आहे, तिला विसरू नका. तियालेने वेणी कापली. ती वेणी हातात धरून तशीच उभी राहिली, पुढचा माणूस कात्रीसाठी हात पुढे करून थांबला तरी तिला कळलं नाही.

जायच्या दोन दिवस आधी त्याने तिला विचारलं. हे मला तिनेच पुढे सांगितलं. समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी ट्रक उभा होता, खाली देवमासे आले होते, त्यांचे फवारे दिसत होते. तो म्हणाला, तिथं एक खोली रिकामी आहे, शेरीलला चालेल, तिने स्वतः म्हटलंय. तू चल.

ती म्हणाली, "हे तू तेव्हा म्हणाला असतास तर मी अनवाणी आले असते."

"आता म्हणतोय."

"मग तू इथं राहा."

त्याने शर्टाची बाही वर करून दंड दाखवला. आठवड्यातून तीनदा रक्त धुवायला जावं लागायचं, इथं ते यंत्र नव्हतं. ह्या आठवडाभराच्या सहलीसाठीच डॉक्टरांशी भांडून आला होता, त्याचे पाय सुजायला लागले होते. खाली एक देवमासा पिल्लाला घेऊन चालला होता, तो दिसेनासा होईपर्यंत ती दोघं बघत राहिली.

मी तिला विचारलं, का नाही गेलीस, आता तुला कोण अडवतंय? ती म्हणाली की रात्री बॅग काढली होती. कपडे घातले, काढले, परत घातले. मग लक्षात आलं की ज्या नेमायाबरोबर जायचं होतं तो हाकूपूतला होता, आणि तो ऑकलंडला भेटणार नाही. "आणि मी पण तिथं कोण असणार? खिडकीशी बसलेली एक म्हातारी."

विमानतळावर मात्र या वेळी ती गेली. सगळं गाव गेलं होतं, गळ्यात हार, गाणी, रडारड. नेमायाने सगळ्यांना गालाला गाल लावून निरोप दिला. तिच्यापाशी आला तेव्हा त्याने तिचा उजवा तळवा दोन्ही हातांत घेतला आणि आपल्या गालावर धरून ठेवला. कुणी ओरडलं नाही, कुणी चिडवलं नाही. लेपेकासुद्धा दुसरीकडे बघत होती.

विमान गेल्यावर मी तिच्याबरोबर ट्रकमध्ये बसले. तिने किल्ली फिरवलीच नाही. लोक गेले, आवार रिकामं झालं, तरी ती हात चाकावर ठेवून बसून होती.

"त्याच्या अंगाचा वास बदललाय गं," ती म्हणाली. "बाकी सगळं तेच आहे."

मग तिने ट्रक चालू केला.

याला आता दोन वर्षं होत आली. तियालेआई अजून फेऱ्या करते. रविवारी प्रार्थनेनंतर मात्र ती कुणाकडे जेवायला थांबत नाही, घरी येऊन फणसाच्या झाडाखाली फोन घेऊन बसते. त्याचा फोन येतो. तो बोलतो, ती ऐकते, कधी ती बोलते. यंत्रावरून आल्यावर त्याला फार थकवा असतो, बोलता बोलता त्याचा डोळा लागतो. ती फोन ठेवत नाही. आवाज मोठा करून मांडीवर ठेवते आणि अळूची पानं निवडत, तो तिकडे श्वास घेतोय ते ऐकत राहते, शेरील येऊन फोन बंद करीपर्यंत.